बिनवाऱ्याचे अठ्ठ्याऐंशी

३ मे, रविवार. सकाळी.
पोचलो. आधी सगळ्यांची विचारपूस. उजवा गुडघा: कुरकुरतोय, पण ओहायोतही कुरकुरतच होता. डावा खांदा: बरा. कंबर: विमानात रुसली होती, आता बोलायला लागली आहे. पोट: घरमालकीण ब्रीजबाईंचा ताजा ब्रेड बघून खूश. सगळ्यात लांब काठी: खुशाल. चेंडू भोकात ढकलायची आखूड काठी: बॅगेत तोंड खुपसून बसली आहे, गेल्या वर्षीचं मनाला लावून घेतलंय. मन: अठरा वर्षांचं.
खिडकीबाहेर आडवा पाऊस. वा! याला म्हणतात गोल्फची हवा.

दुपारी.
करार लिहून ठेवतो, म्हणजे उद्या शब्द फिरवायला नको. लॉरेनचं म्हणणं: "एकाहत्तरीचा झालास. अकरा वर्षं दर मे महिन्यात आयर्लंडात जाऊन भिजतोस आणि सर्दी घेऊन येतोस. पुरे आता." तिने ॲरिझोनात बहिणीच्या शेजारी घर बघितलंय. तिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहाही न घेता जातो. मी म्हटलं, या खेपेला समुद्रकाठच्या मैदानावर अठरा भोकं नव्वद फटक्यांच्या आत संपवून दाखवतो. ती म्हणाली, "दाखव. तुझी आणि सोबत्याची सही असलेलं कार्ड सोळा तारखेपर्यंत झालं, तर आयर्लंड जन्मभर. नाही झालं, तर ॲरिझोना."
तेरा दिवस. पोरखेळ!

४ मे.
सोबती नेहमीचाच, पॅकी बॉइल. पंचाहत्तर वर्षांचा, जन्म मासेमारीत गेला, मैदान त्याच्या परसदारी. माझे फटके तो लिहितो, त्याचे मी. आपले आपणच लिहायचे असते तर जगात वाईट खेळाडू उरलाच नसता.
११२. कारण: जाताना वारा समोरून. येतानाही समोरून. पॅकी म्हणाला, "वारा फिरला नाही रे वेंडेल. तूच भलत्या दिशेला मारत होतास."

६ मे.
१०९. दोन दिवसांत तीन फटके कमी! या हिशेबाने सोळा तारखेला चौऱ्याण्णव. उरलेले पाच ब्रीजबाईंचा नाश्ता भरून काढेल.
सातव्या भोकाला चेंडू मेंढीच्या लोकरीत अडकला. मेंढी चालू लागली. मी मागे. पॅकी टेकडीवरून ओरडला, "जाऊ दे तिला, योग्य दिशेला चाललीय!"

८ मे.
'मऊ दिवस', म्हणजे नुसती भुरभुर. असल्या पावसाला इथे पाऊस म्हणत नाहीत. १०७.
नाचता येईना, अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. पण हे अंगण खरंच वाकडं आहे. मी मोजून सरळ उभा राहतो तर एक पाय वर, एक खाली.

१० मे, रविवार.
घात झाला. ऊन पडलं.
वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. ब्रीजबाईंनी घरातली झाडून सगळी पांघरुणं बाहेर घातली. गाव उन्हाने लालेलाल होऊन एकमेकांना "काय दिवस, काय दिवस" म्हणत हिंडतंय. समुद्र ताटातल्या खिरीसारखा. मी मनात नसताना खेळलो.
८८.
पॅकीने टोपी उडवली. स्वतःची सही ठोकली आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी नाही केली. पोळपाटावर लाटी ढकलावी तसा चेंडू ढकलला, त्याला काय गोल्फ म्हणायचं? लॉरेनला काय सांगू, उन्हात जिंकलो? मग ॲरिझोनाने काय पाप केलंय?
पॅकी म्हणाला, "अरे गाढवा, कार्डावर फटके लिहितात. हवा कोण लिहितं?" मी म्हटलं, खऱ्या हवेतलं नव्वदच्या आतलं कार्ड आणतो. अजून सहा दिवस आहेत. त्याने कार्ड खिशात घातलं आणि घरची वाट धरली.

११ मे.
पाऊस परत आला. देव आहे. १०४.

१३ मे.
११७. छत्री गेली. पॅकीच्या मते आता स्कॉटलंडात असेल. ब्रीजबाईंनी मोजे चुलीवर वाळत टाकताना विचारलं, "अहो, रविवारी सही करायला हात दुखत होता का?" गावात बातमी पोचलेली दिसते.

१५ मे.
आज विश्रांती. संकल्प: उद्या पहाटे उठणे. श्वास सोडून मारणे. वाऱ्याशी भांडायचं नाही, त्याला विश्वासात घ्यायचं.

१६ मे, शनिवार. सकाळी.
वादळ. मैदानाच्या फाटकाला साखळी. राखणदार म्हणाला, "तिसऱ्या भोकाचा झेंडाच उडून गेलाय, आजोबा. घरी जा." मी तिथे तासभर उभा राहिलो, वादळ ओसरेल म्हणून. नाही ओसरलं. एवढी सुंदर हवा, आणि खेळता येऊ नये!

दुपारी.
पॅकीकडे गेलो. आडवळणाने रविवारच्या कार्डाचा विषय काढला. त्याने खिडकीकडे बोट केलं. फट बुजवायला घडी करून कोंबलं होतं. उपसून उलगडलं, तर ओला लगदा. एकही आकडा लागेना.
पॅकीने कोरं कार्ड काढलं. म्हणाला, "खेळलास तू, बघितलं मी. तेच आकडे परत लिहितो, सही करतो. तू कर. वर देवाने विचारलं तर मी बघून घेईन." त्याने अठराही भोकं आठवून आठवून लिहिली. बेरीज अठ्ठ्याऐंशी. पेन्सिल घेतली. चहा निवला. सही झाली नाही. पॅकी म्हणाला, "तुझ्यासारखा मूर्ख मे महिन्यात पुन्हा कुठून आणू?" आणि उगाच चुलीतले निखारे खालीवर करत बसला.

संध्याकाळी.
पत्र टाकलं. नक्कल इथे.

प्रिय लॉरेन,
कार्ड झालं नाही. कारणं सांगत नाही, यावरून ओळख. घराला हो म्हण.
एकच विचारायचं होतं. तिथल्या मैदानावर गवताला पाणी मारायचे मोठे फवारे असतात म्हणे. ते किती वाजता सुटतात, आणि सुटलेले असताना खेळू देतात का, एवढं तुझ्या बहिणीला विचार. मी सव्वीसला निघतो. रेनकोट आणायचा की पॅकीला देऊन टाकायचा, हे त्यावर ठरवायचंय.
तेव्हा उत्तर लवकर लिही.