मांडव गल्लीतच घालणार

५ जानेवारी, रविवार
नवी डायरी. नवा संकल्प: यंदा गल्ली नंबर सहात पाण्याचा थेंब साचू द्यायचा नाही. ९ फेब्रुवारीला रोहायाचं लग्न. मांडव गल्लीतच घालणार.
व्याही बांडुंगचे, डोंगरावरची माणसं. जकार्ता म्हटलं की त्यांना आम्ही गळ्यापर्यंत बुडालेलेच दिसतो. फोनवर विचारत होते, तुमच्याकडे पाणी वगैरे? मी म्हणालो, "पाणी ना? मिळेल की. ग्लासात." उत्तर झकास जमलं. दोनदा आठवून हसलो.
बायको, मुनारो, म्हणते, माझ्या भावाकडे डेपोकला करू, तिथे उंचावर हॉल आहे. अकरा वर्षं मी या गल्लीचा प्रमुख. प्रमुखाच्या मुलीचं लग्न परगावी? बदकंसुद्धा हसतील.

१२ जानेवारी, रविवार
गटारसफाईचं श्रमदान. सहाला बोलावलं, माणसं आठला आली. उपस्थिती उत्तम. गटारात प्रत्यक्ष उतरला फक्त हमदानी प्लंबर. बाकीच्यांनी काठावरून देखरेख केली. कॉफी आणि तळलेली केळी कमी पडली, म्हणजे उत्साह दांडगा होता. सगळा गाळ काढून काठावर ढीग लावले. ओला गाळ जड लागतो, वाळला की उचलायचा. आपली पूर्वापार पद्धत.
हमदानी म्हणाला, "काका, खरा तुंबारा तुमच्या ओट्याखाली आहे. ओटा फोडावा लागेल." हा ओटा गेल्या वर्षी मी गटारावर बांधला, हिरव्या टाइल्स लावून. नवरानवरी त्यावरच बसायचेत. त्याला सांगितलं, पाणी आपली वाट आपण शोधतं. प्लंबरला सगळीकडे फोडाफोडच दिसणार.

१३ जानेवारी, दुपारी ४
वीस मिनिटं पाऊस. गाळ परत गटारात. जमेची बाजू: आता उचलावा लागणार नाही.

१९ जानेवारी, रविवार
पंप आला! पाइप भिंतीवरून पलीकडे, गल्ली नंबर सातमध्ये. तिकडे सोडलं की आपला प्रश्न मिटला. अर्ध्या तासात गल्ली कोरडी. गडबडीत डाव्या पायातली निळी चप्पल वाहून गेली. मोठ्या कामात असं व्हायचंच. ग्रुपवर फोटो टाकला. भराभर अंगठे आले.

२० जानेवारी
नवल आहे. पंप पाच तास चालू, तरी पाणी घोट्याएवढंच. खाली झरा असावा.

२१ जानेवारी
झरा नाही. तार्जोनो आहे. सातचा प्रमुख. त्यानेही पंप घेतलाय आणि त्याचा पाइप मशिदीमागून आमच्याकडे. दोन दिवस आम्ही एकच पाणी गोल फिरवत होतो. निळी चप्पल परत आली तेव्हा लक्षात आलं.
जाब विचारायला गेलो. तार्जोनो शांतपणे म्हणाला, "तुमचंच पाणी, साभार परत." मग ठरलं की दोन्ही पंप एकाच वेळी बंद करायचे. मी त्याच्या बंद करण्याची वाट पाहिली. तो माझी पाहत असावा.
हमदानी पुन्हा ओट्याचं बोलला. सातचं गटारही त्याखालूनच कालव्याला जातं म्हणे. त्याचं माझ्या टाइल्सशी काहीतरी वाकडं आहे.

२८ जानेवारी
पत्रिका आल्या. मुनारो म्हणाली, वाटण्याआधी पत्ता एकदा बघून घ्या. म्हटलं, अकरा वर्षांत मला माझा पत्ता पाठ झालाय. पाकिटांवर सह्या ठोकून दिल्या. प्रमुखाला हजार कामं.

२ फेब्रुवारी, रविवार
पाऊस अडवणारा बुवा ठरवला होता. फोन लागेना. त्याच्या घरात पाणी शिरलंय असं कळलं. मग घरचाच उपाय: खराट्याचे हीर उलटे रोवून टोकांना मिरच्या-कांदे. हे लग्न न झालेल्या मुलीने करायचं असतं, म्हणून रोहायाकडून करवलं. ती हीर रोवता रोवता म्हणाली, "बाबा, त्यापेक्षा ओटा फोडा ना." डोळे भरले होते तिचे. कांद्याने.
सांगितलं, लग्न होऊ दे, मग बघू.

७ फेब्रुवारी
पाणी एक पायरी चढलं. रविवारपर्यंत उतरेल. मांडववाला ट्रक घेऊन आला, पाहिलं, काही न उतरवता निघाला. म्हणे, खांब दुसरीकडे टाकायचेत. दुसऱ्या गिऱ्हाइकाशी घोळ केला असणार. अनुभव नाही लोकांना.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६
गुडघाभर. मिरच्या तरंगतायत. मायलेकी कालच मेंदीला डेपोकला गेल्या. मी स्वागताला ओट्यावर उभा. कुणी नाही.

सकाळी ७
हमदानी आला. इस्त्रीचा बाटिक शर्ट, पँट मांडीपर्यंत दुमडलेली. म्हणाला, "चला काका, काझी थांबलाय." कुठे? त्याने खिशातून पत्रिका काढली. डेपोक. ठळक अक्षरांत. खाली माझं नाव, पाकिटावर माझी सही. सगळ्या गल्लीला कधीपासून माहीत होतं. वेगळा ग्रुपसुद्धा होता.
मी म्हणालो, येत नाही. तो म्हणाला, मुलीला द्यायला बाप लागतो, तुमच्याशिवाय निकाह लागायचा नाही. आणि रोहायाने सांगितलंय, बाबा येईपर्यंत मी बसून राहीन.
गेलो. कपडे धुण्याच्या टबात बसून. पुढून हमदानी ओढत होता, मागून तार्जोनो ढकलत होता. टोपी कोरडी राहिली.

रात्री
निकाह लागला. मुलगी दिल्याचं वाक्य दोन वेळा माझ्या तोंडून निघालं नाही, तिसऱ्या वेळी निघालं. रोहाया हसली. व्याही ग्लास उंचावून म्हणाले, "हे तुमच्या गल्लीतलंच का?"

१० फेब्रुवारी
ओटा फोडला. पहिला घाव मी घातला, चुकीच्या जागी. बाकीचे हमदानीने. आधी गाळ निघाला, मग पाणी. सहाचं गेलं, मागून सातचंही. तार्जोनोने तळलेली केळी पाठवली.
रोहायाचा फोन आला. बाबा, पाणी गेलं? म्हटलं, गेलं. किती वेळ लागला? म्हटलं, बराच. अवघड काम होतं.
इथे तेवढं खरं लिहून ठेवतो. वीस मिनिटं.