तिच्या शहरात रुजू होण्याची तयारी

३ मार्च, सकाळी
ठरलं. जूनपर्यंत तिकडे रुजू व्हायचं. बायको परदेशात, तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवते, मीही तेच शिकवणार. एकोणीस महिने तिने एकटीने काढले, पुरे झालं. तिला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.
संकल्प: रोज स्वतः इस्त्री. पोट दोन इंच कमी.

५ मार्च
टेलरकडे. दोन पँट, एक कोट. माप घेताना म्हणाला, सर, श्वास सोडा, वर्गात कधीतरी सोडावाच लागेल. वाह्यात माणूस. कंबर दोन इंच कमीच लिहायला लावली. जूनची कंबर.

९ मार्च
कागदपत्रांवर शिक्के मारून घ्यायला कचेरीत. कारकुनाने डिग्रीवर नखाने टकटक केलं. म्हणाला, प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, लॅमिनेशन कुणी करायला सांगितलं होतं? लग्नाचा दाखलाही तसाच. दोन्ही मीच करून आणले होते, लग्नाच्या पहिल्या वर्षी. टिकावेत म्हणून. ती तेव्हा हसली होती. म्हणाली होती, आता मलाही लॅमिनेट करून आण.

१० मार्च
हेअर ड्रायरने प्लास्टिक सोललं. डिग्री सुखरूप. दाखल्यावर माझी सही शाबूत, तिची प्लास्टिकबरोबर निघून आली. डुप्लिकेट मिळतो. काळजीचं कारण नाही.

१४ मार्च
ताईचा फोन. म्हणाली, अरे, पण तिने बोलावलंय का तुला? म्हटलं, नवराबायकोत आमंत्रणं नसतात. त्यावर ताईचा फोन कट. नेटवर्क खराब असावं.

१९ मार्च
परदेशी शाळांत नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीतल्या मॅडम म्हणाल्या, बायकोच्या शहरात हवं असेल तर तिचं पत्र लागेल. नवरा माझ्याजवळ राहील, एवढं लिहून खाली सही. सरप्राइज बोंबललं. तिला सविस्तर मेल केला. कोटाच्या रंगासकट.

२६ मार्च
उत्तर नाही. तिकडे परीक्षांचे दिवस.
कपाट आवरलं. तिचा खण रिकामा. जाताना उन्हाळ्याचे पातळ कपडेही घेऊन गेली होती. एवढ्या थंडीच्या देशात कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. आज उलगडा झाला. तिकडे घरोघरी हीटर असतात.

३ एप्रिल
कोट तयार. बटण लागत नाही. टेलर म्हणाला, जून यायचाय अजून, सर.
इस्त्री सुरू केली. पहिल्याच शर्टाच्या पाठीवर जळका डाग. कोटाखाली दिसणार नाही. उत्तर नाही.

११ एप्रिल, सकाळी ६.४०
आलं! पत्र जोडलंय. वर एकच ओळ: याचा उपयोग होईल, तब्येतीची काळजी घे.
लगेच उघडलं नाही. दाढी केली, चहा केला, मग वाचलं.
शिफारसपत्र आहे. 'हे माझे माजी सहकारी. अकरा वर्षं मी त्यांचं काम जवळून पाहिलं. वक्तशीर, प्रामाणिक. मुलांवर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. कुठल्याही शाळेने त्यांना आनंदाने घ्यावं.' राहण्याबद्दल काही नाही. गडबडीत राहून गेलं असेल.
पुन्हा वाचलं. इतकं चांगलं ती माझ्याबद्दल कधीच बोलली नव्हती.

१२ एप्रिल
एजन्सी. मॅडमनी विचारलं, बायकोचं पत्र? म्हटलं, ती सध्या बिझी आहे, हे बघा, चालतंय का.
तिने लग्नानंतरही माहेरचंच आडनाव ठेवलंय. त्यामुळे मॅडमच्या लक्षात आलं नाही. दोनदा वाचलं त्यांनी. म्हणाल्या, या पत्रावर दुसऱ्या देशात उद्या जागा देते. तिथून बायकोचं शहर विमानाने सात तास. चालेल?
म्हटलं, चालेल.
मग म्हणाल्या, किती मनापासून लिहिलंय हो. कोण या?
म्हटलं, आम्ही एका शाळेत होतो.
म्हणाल्या, अशी माणसं तोडू नका, सर.
म्हटलं, नाही.