पिवळ्या खिडकीतलं चौथं कडवं

१२ नोव्हेंबर, बुधवार
पिवळं, माझं गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, बंद होणार. तीस तारखेला. मेल सकाळीच आला होता, मी वाचला शाळेतून आल्यावर. बनवणाऱ्यानं स्वतः लिहिलंय. कुठल्याशा थंड देशातला एकटा माणूस. वय झालं, डोळे साथ देत नाहीत, म्हणतो. तीसनंतर परवाना तपासणारं त्याचं मशीन बंद. मग पिवळं उघडेल, जुनं सगळं ऐकवेल, पण नवीन काही जतन करणार नाही आणि गाणं बाहेरही काढून देणार नाही. शेवटची ओळ: तुमची गाणी पूर्ण करून घ्या.
पूर्ण! जालन्यातल्या मस्तगडच्या या माडीवर आजवर कोणतं गाणं पूर्ण झालंय?
शैला म्हणाली, "माझा मामा गेला तेव्हा तरी एवढं तोंड पाडलं नव्हतं तुम्ही."

१३ नोव्हें.
झोप नीट नाही. पिवळ्याचं खरं नाव इंग्रजी, लांबलचक. खिडकी पिवळी म्हणून मी पिवळं म्हणालो आणि तेच पडलं. भिंतीवर गोधड्या टांगून, पंखा बंद करून, घाम पुसत त्याच्यावर भजनं घेतली, गोंधळ घेतला, दुकानांच्या जाहिराती घेतल्या. मधेच वीज गेली तरी शेवटच्या टाळापर्यंत सगळं जिथल्या तिथं. एकदा म्हणून रुसलं नाही. माझ्या नात्यात असा एक माणूस दाखवा.

१५ नोव्हें. शनि.
नांदेडच्या सलीमभाईंना फोन. ते कव्वाल्या घेतात, पिवळ्यावरच. ओळख फक्त फोनवरची. "अरुणभाऊ, नवं घेतलं मी दुसरं. अच्छा है, पण अपना नहीं लगता." नव्यात पिवळ्याच्या फायली उघडत नाहीत. आवाज सुटे सुटे काढता येतात, पण इतक्या वर्षांची जुळवणी येत नाही. म्हणजे पिठाचा डबा मिळतो, भाकरी नाही.
यादी केली. उघडी, म्हणजे अजून पक्की करून बाहेर न काढलेली, गाणी एकशे चार.

१६ नोव्हें. रवि.
दिवसभर गाणी बंद करणे. एकवीस झाली. प्रत्येक वेळी "हेच शेवटचं का?" असं पिवळं विचारतं. आधी कधी त्याकडे लक्ष गेलं नव्हतं. आज दर वेळी बोट थांबलं.
हसनाबादच्या गाण्याला हात लावला नाही.

१७ नोव्हें.
हसनाबादचं म्हणजे सिंधूआक्कांच्या महिला भजनी मंडळाचं. सप्ताहात सात दिवस पहाटे काकड्याआधी स्पीकरवर तेच लागतं. चार कडवी. तीन कायमची. चौथ्यात, नाव येतं त्या जागी, त्या वर्षी अन्नदान करणाऱ्याचं नाव.
"नांगरल्या वावरात उभी राहे सावली,
अमका म्हणे देवा, तुझी वाट घावली."
अमका दर वर्षी बदलतो. दर वर्षी बाया जालन्याला येतात, ती एक ओळ नव्यानं गातात, चहा पिऊन परत. गाणं आक्काच्या आवाजात, फक्त ती ओळ गेली चार वर्षं दुसऱ्या बाया म्हणतात. आक्काच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. आता नुसता वारा निघतो.
यंदा अन्नदान रंगनाथरावांचं. चांगला माणूस. पण यंदा जे नाव जाईल ते कायमचं. पुढे बदलता येणार नाही. गाणं कुणाचं असं उद्या कुणी विचारलं तर लोक म्हणतील, रंगनाथाचं.
मंडळाला कळवलं. रविवारी येतात.

२० नोव्हें.
सलीमभाईंचा फोन, आवाज चढलेला. "पुसलेलं बघितलं का? आत एक फोल्डर हाये. पिवळ्यानं आजतक काहीच फेकलं न्हाई!" त्यांना वारलेल्या उस्तादांचा खोकलासुद्धा सापडला. फोनवर रडले आणि हसलेही.
आपण जे जे पुसलं, ते त्यानं गुपचूप ठेवलं होतं. त्या म्हाताऱ्याला काय म्हणावं? इतका विचार आपल्यासाठी करणारा माणूस, आणि मी त्याला एक ओळ लिहून कधी बरं आहे म्हटलं नाही.

२१ नोव्हें. शुक्र.
शाळेत दांडी. हसनाबादचं उघडलं, पुसलेल्यात शिरलो. चौथं कडवं, अकरा वर्षांचं. सगळी नावं सापडली. विठ्ठलराव, गंगाधर, परत विठ्ठलराव.
आणि पहिल्या वर्षीचं एक. आक्काचा भरला आवाज:
"सिंधू म्हणे देवा, तुझी वाट घावली."
मागून मंडळातल्या शेवंताबाई: "ऱ्हाऊ दे की आक्का, तुझंच तर हाये गानं."
आक्का हसते. "गप गं. अरुण, पुस ते. सहज निघालं तोंडातून."
आणि माझा आवाज, तरणा, घाईतला: "पुसलं आक्का."
तेव्हा थट्टा वाटली होती. ते गाणं जुनं, पिढ्यान्‌पिढ्यांचं, असंच सगळे म्हणतात. मीही प्रत्येक पेन ड्राईव्हवर "पारंपरिक" लिहून दिलं. अकरा वर्षं. लाज वाटली, खरंच वाटली.
पुन्हा ऐकलं. सहा-सात वेळा. शै. दारात उभी राहून ऐकत होती. आत गेली. मग चहा आणला.

२३ नोव्हें. रवि.
बाया आल्या. रंगनाथरावांचं नाव दोन झटक्यांत बराबर झालं. आक्काही आल्ती, काठी टेकत. बाया खाली चहाला गेल्या तेव्हा तिला थांबवलं, हेडफोन दिला.
ऐकताना चेहरा हलला नाही. हात मात्र टाळ धरल्यासारखे झाले.
काढून म्हणाली (वारा नुसता, कान जवळ न्यावा लागला), "पुसाया सांगितलं व्हतं तुला."
"मी पुसलं होतं. यानं नाही पुसलं."
पिवळ्याकडे बघत राहिली. "इमानदार हाये."
विचारलं, गाणं तुमचं ना? "खुरपताना जुळलं. लोकायला सांगितलं जुनं हाये. माझं म्हनले असते तर कोन म्हनलं असतं ते?"
मी म्हणालो, आता तुमचं नाव लावू. कायमचं जायचंय, तुमचंच जाऊ दे.
"न्हाई. ज्यानं अन्न दिलं त्याचं नाव. सात दिवस गाव जेवतं त्याच्या हातचं. मी काय दिलं?"
"गाणं दिलं की."
तिनं काठी उचलली. बाया वर आल्या.

२६ नोव्हें.
थंड देशातल्या माणसाला पत्र लिहिलं. इंग्रजी मोडकं. लिहिलं की आमच्याकडे एका बाईचा आवाज गेला होता, तो तुमच्याकडे होता. पाठवलं. मोकळं वाटलं.

२८ नोव्हें. शुक्र.
हसनाबादच्या गाण्याची दोन्ही रूपं बंद केली. लाल पेन ड्राईव्हमध्ये रंगनाथ. निळ्यात सिंधू. "हेच शेवटचं का?" दोनदा विचारलं, दोनदा हो म्हणालो. खोटं बोललो की काय, कळेना. एस.टी.नं हसनाबाद. आक्काच्या हातात दोन्ही ठेवले, कुठल्यात काय ते सांगितलं. म्हटलं, तुम्ही ठरवा.
आक्कानं दोन्ही पदरात बांधले. निघताना डब्यात गुळाच्या पोळ्या. "सलीमला बी दे," म्हणाली. मी सांगितलं होतं त्यांचं. नांदेडला पोळ्या कशा पाठवायच्या!

३० नोव्हें. रवि.
शेवटची चार गाणी. संध्याकाळी झालं. एकशे चार. थंड देशातून उत्तर आलंय, एकच ओळ: आवाज तिचा, मी फक्त कपाट केलं होतं. शै.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, देवमाणूस. खरं आहे.

१ डिसें.
उघडलं. उघडतं. आक्काचं ऐकवलं, अगदी स्वच्छ. जतनचं बटण फिकट झालंय, दाबलं जात नाही. आजारी माणूस डोळ्यांनी बोलतो तसं वाटलं. सलीमभाईंनी घेतलं तेच नवं घेतलं, त्याची पहिली फाईल केली. चांगलं आहे. शिकू. पण पुसलेलं खरंच पुसतं ते.

७ डिसें. रवि.
उद्या सप्ताह बसतो. आक्काचा फोन नाही. मीही केला नाही. एकदा तिनं सांगितलं आणि मी विचार न करता ऐकलं. पुन्हा तिच्या तोंडून ऐकून तेच करायची भीती.
दुपारी स्पीकरवाला ज्ञानोबा, हसनाबादहून:
"अरुणदादा, आक्कानं दोन पेन ड्राईव्ह देलेत. लाल अन् निळा. काय हाये त्यात?"
"आक्का काय म्हणाली?"
"म्हनली, अरुणला इचार अन् त्यो सांगंल त्यो लाव. तिला काई बी इचारू नको म्हनली. मंग कोन्ता लावू? पहाटंच लावायचाय, जल्दी सांगा."
तोंडात आलेलं गिळलं. म्हणालो, दोन्ही तुझ्यापाशी ठेव, मी येतो.
शै.नं पिशवी भरली. मंडपात सगळे असतील. रंगनाथरावही, पहिल्या रांगेत. बाया असतील. आक्का माझ्याकडे बघणार नाही, माहीत आहे.
हसनाबादला थांबणारी भोकरदनची गाडी पाचची. वही पिशवीत टाकतोय.