पहिला गिअर डावीकडे, खाली

मी, खाली सही करणारी दर्शना काळू हिलम, वय २४, शिक्षण बी.ए., व्यवसाय पेण येथे वकिलांच्या ऑफिसात टायपिंग, राहणार मोकल गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या, गडब, तालुका पेण, जिल्हा रायगड, हा कागद आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी प्रकृती ठणठणीत आहे, डोकं ठिकाणावर आहे. मी कोणाच्याही दबावाखाली नाही, असं इथे लिहायची पद्धत आहे. पण मला पहिल्याच पानावर खोटं लिहायचं नाही. दबाव आहे, आणि तो हैबतराव मोकल यांचा आहे.

हैबतराव शेठ हे गॅरेजचे मालक. वय ७६, लग्न केलेलं नाही. माझे बाबा, काळू हिलम, एकतीस वर्षं त्यांच्याकडे मिस्त्री आहेत, आणि आमचं घर त्यांच्याच जागेत आहे. येत्या १३ तारखेला शेठच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. त्यांनी काहीही लिहून ठेवलेलं नाही. त्यांना काही झालं तर सगळं ठाण्याच्या पुतण्याकडे, विशालकडे जाईल. विशालने मे महिन्यातच हॉटेलसाठी जागेची मापं घेतली आहेत. टेप आमच्या चुलीवरून नेली होती. गॅरेज आणि मागच्या खोल्या काळूच्या, असं शेठ तोंडाने शंभर वेळा म्हणाले आहेत. पण तोंडी शब्दाचं पुढे काय होतं, ते मी ऑफिसात रोज टाइप करते.

म्हणून मी त्यांना म्हटलं, शेठ, मृत्युपत्र करा. ते भडकले.

"दर्शने, असला कागद लिवला का यम पत्ता विचारीत येतो. माझ्या बापाने लिवला, आठ दिवसांत गेला."

"अहो, ते आधीपासूनच आजारी होते."

"कागदाने गेला. तू लिव बघू आधी. तरणी पोर हाईस. आठ दिवसांत तुला काय झाला नाय, तर मी लिवीन."

आई दारातूनच ओरडली, "शेठ, माझ्या पोरीवर कशाला? कोंबडीवर करून बघा!"

"कोंबडीला सही येते का गो गंगे?"

तर हे मृत्युपत्र असं सुरू झालं. पण एकदा लिहायला बसल्यावर मी ते खोटं-खोटं लिहिणार नाही. जे लिहीन ते मनापासून, आणि माझ्यानंतर तसंच व्हावं.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. आमच्या घराण्यात कोणीच केलेलं नाही. आजोबांच्या मागे एक कोयता आणि मासे धरायचं जाळं राहिलं. ते वाटून घ्यायला कागद लागला नाही.

कलम २. मोटारगाडी. निळ्या रंगाची, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी विलायती स्पोर्ट्स कार, सन १९७१. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिलं की गाडी बघायच्या आधी लोक मोबाईलवर तिची किंमत बघतात. नाव आरसी पुस्तकात आहे. गावात तिला बेडकी म्हणतात.

रोह्याच्या एका कारखान्यात आलेल्या इंग्रज इंजिनिअरची ही गाडी. तो मायदेशी परतताना ती शेठना देऊन गेला. मी बी.ए. झाले त्या आठवड्यात शेठनी ती माझ्या नावावर केली. समोरच्या चहावाल्या सरूमावशी तेव्हा म्हणाल्या, "पोरीला साडी द्यायची सोडून म्हाताऱ्याने भंगार दिला." शेठ म्हणाले, "साडी फाटते."

या गाडीचे गिअर उलटे आहेत. सगळ्या गाड्यांना पहिला गिअर डावीकडे वर असतो. हिचा डावीकडे खाली आहे, आणि डावीकडे वर रिव्हर्स. शर्यतीत दुसरा आणि तिसरा सारखे लागतात, म्हणून ते दोघे एका सरळ रेषेत ठेवले आणि पहिल्याला, जो एकदाच लागतो, कोपऱ्यात बसवलं, असं शेठ सांगतात. दांड्याच्या गोट्यावरचे आकडे कधीच पुसले गेलेत. हाताला माहीत असेल तरच गाडी पुढे जाते.

हे कळलेले हात जगात तीनच आहेत. शेठनी बाबांना शिकवलं, बाबांनी मला. शिकवायची रीत एकच. शिकवणारा डावीकडे बसतो, शिकणाऱ्याच्या हातावर आपला हात ठेवतो आणि दांडा दोघं मिळून ओढतात. बाबांचा हात ग्रीसने कायम काळा. पहिल्या दिवशी माझ्या मनगटावर त्यांची पाची बोटं उमटली होती. कॉलेजला जाताना मी ती धुतली नाहीत.

ही गाडी मी माझे वडील काळू यांना देते. ती विकू नये. तिचा गिअरबॉक्स काढून सोपा बसवू नये. पुढे ज्याला द्यायची त्याला वरच्या रीतीने शिकवूनच द्यावी.

कलम ३. माझा निळा बॉलपेन, ज्याची रिफिल मी चौदा वर्षं बदलत आले आहे, तोही बाबांना. कारण लिहिणं भाग आहे.

लायसन्स नसलेल्याने गिऱ्हाइकाची गाडी हलवायची नाही, असा शेठचा नियम. त्यामुळे बाबांच्या हाताला आवारात एकच गाडी मिळाली, बेडकी. सोळा वर्षं तिच्यावर हात बसला आणि मग ते पेणला परीक्षेला गेले. साध्या गाडीत बसून त्यांनी सवयीने दांडा डावीकडे खाली ओढला. तो दुसरा गिअर. गाडी कशीबशी हलली, तर बेडकीचा दुसरा असतो तिथे त्यांनी दांडा नेला, तो तिसरा. गाडी बंद. तीनदा परीक्षा, तीनदा असंच. तिसऱ्या वेळी साहेब म्हणाले, "काका, शिकलात कुठल्या देशात?"

 बाबांना अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात, कारण पान्यांवर आकडे असतात. मी तेव्हा चौथीत होते. चौथ्या परीक्षेच्या सकाळी मी याच पेनाने त्यांच्या डाव्या तळहातावर गिअरची रेषा काढली आणि तिच्या टोकांवर आकडे घातले: एक, दोन, तीन, चार. आई म्हणाली, "पुसल गो ते घामाने." बाबा तळवा उघडा धरूनच एसटीत चढले. तिकिटाचे पैसे त्यांनी उजव्या हाताने काढले.

ते पास झाले. घरी आल्यावर त्यांनी मला तळवा दाखवला. एकही आकडा पुसला नव्हता. शिक्षणाचा उपयोग काय, असं मला पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. मी वाद घातला नाही.

कलम ४. विशाल मोकल यांच्याबद्दल माझ्या मनात राग आहे, आणि तो मी मागे ठेवू इच्छित नाही. गेल्या दिवाळीत ते न विचारता बेडकीत बसले, डावीकडे वर दांडा टाकला आणि ऐटीत ॲक्सिलेटर दाबला. गाडी सरळ मागे, उकिरड्यात. उतरल्यावर ते म्हणाले, गाडीतच खोट आहे. सगळे हसले. मी जास्त हसले.

पण खरं असं की ते दांडा धरत होते तेव्हा मी चार पावलांवर उभी होते. मी सांगू शकले असते. सांगितलं नाही. म्हणून विशालना मी एक हक्क देते: ते जेव्हा येतील तेव्हा बाबांनी त्यांना बेडकीत बसवावं, हातावर हात ठेवावा आणि शिकवावं. तोवर त्यांनी आमच्या चुलीवरून टेप नेऊ नये.

कलम ५. माझी पुस्तकं वाडीवरच्या बालवाडीच्या कपाटात ठेवावीत. कुलूप लावू नये. फाटली तर फाटली. बँकेत जे असेल ते आईचं. पदवीचं सर्टिफिकेटही तिचंच. ती ते तांदळाच्या डब्यात ठेवते, तिथेच राहू द्यावं.

या सगळ्याची अंमलबजावणी माझी आई गंगी करील. तिला सही येत नाही, पण तिच्यासमोर अजून कोणाला खोटं बोलता आलेलं नाही.

कलम ६. हैबतराव शेठ या कागदाला साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही ठेवू नये, असं आमचे वकीलसाहेब सांगतात. म्हणून त्यांना मी काहीच देत नाही. फक्त त्यांचे उपकार मानते. ते मालमत्तेत मोडत नाहीत, तेव्हा चालेल.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

(सही) दर्शना काळू हिलम

साक्षीदार: १. हैबतराव मोकल २. सरू म्हात्रे

गडब, सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

वरील मृत्युपत्राची पुरवणी

मी, दर्शना काळू हिलम, आठ दिवसांनंतर जिवंत आहे.

हे आठ दिवस मला फार जपण्यात आलं. शेठनी मला हायवे एकटीने ओलांडू दिला नाही. मासा खायला दिला नाही, काटा अडकेल म्हणून. रोज सकाळी गॅरेजचं शटर उघडायच्या आधी ते मागे येऊन हाक मारायचे, "हाय का गो?" आणि मी आतून ओरडायचे, "हाय!" एकदा मी दात घासत होते, उत्तर द्यायला उशीर झाला, तर ते छातीवर हात धरून आत आले. तेव्हा मला कळलं की ते यमाला भीत होते, पण स्वतःसाठी नव्हे. त्या दिवसापासून मी त्यांच्याआधी उठू लागले.

आज सकाळी त्यांची हाक आली नाही. मीच धावत त्यांच्या दारात गेले.

"शेठ, हाय का?"

ते खाटेवर बसलेले होते. अंगात धुतलेला सदरा, खिशाला चष्मा.

"हाय. आण कागद. आता मी लिवतो."

त्यांच्या कागदात काय आहे ते मी इथे लिहिणार नाही; तो त्यांचा आहे, आणि त्यावर माझी सही नाही. त्यासाठी दोन साक्षीदार कोलाडहून बोलावले होते. मी इतकंच नोंदवते की परक्याच्या जागेत झाड लावू नये म्हणून माझ्या आईने एकतीस वर्षं खोलीमागे एक मिरचीसुद्धा लावली नव्हती. आज दुपारी तिने तिथे नारळ लावला.

मूळ मृत्युपत्रात बदल एकच. कलम २ मध्ये गाडी माझ्यानंतर चालवण्याची सोय आहे, आधीची नाही. तर परवा, गुरुवारी, शेठ बेडकीतूनच हॉस्पिटलात जाणार आहेत. बाबा म्हणाले, "शेठ, ॲम्ब्युलन्स बोलवू, धक्के बसतील."

"तू चालव. मी डावीकडे बसतो. पहिला तेवढा मी टाकीन, पुढचे तू बघ."

गाडीत दोनच जागा आहेत. मी एसटीने मागून येईन. वरील व्यवस्था कायम ठेवावी.

(सही) दर्शना काळू हिलम

साक्षीदार:
१. सरू म्हात्रे
२. हैबतराव मोकल. पोर हाय. मी बी हाय.

गडब, मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५