माझ्या हाताखालून वर गेलेली माणसं

ती. ताईस धाकटीचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण माझा गुडघा कागदावरसुद्धा वाकायला तयार नाही.) तुझं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं भावजी फोनवर म्हणाले. पण घराला आग लागली तरी ते 'सगळं ठीक आहे' असंच सांगतील, तेव्हा खरं काय ते तू कळव. थेंब वेळेवर घालतेस ना? मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. एका बैठकीत वाचू नकोस, आणि भावजींकडून वाचून घेऊ नकोस. ते मधलं गाळतात.

तर आमच्या (म्हणजे एके काळी तुझ्याही) काचेच्या पेल्यांच्या कारखान्यात काही वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांनी ठरवलं की वरची जागा रिकामी झाली तर बाहेरून माणूस आणायचा नाही, आधी घरात बघायचं. कँटीनच्या दाराशी तसा फलक लागला. अट एकच, वर जाणाऱ्याने आधी आपल्या जागेवर दुसरा माणूस तयार करून द्यायचा. नियमाला नावं ठेवायला जागा नाही. पण तयार करायचा म्हणजे किती, हे मला कुणी सांगितलं नाही. मी आपली जीव ओतायची. पेला कागदात कसा गुंडाळायचा, भरलेला खोका कानाशी धरून कसा हलवायचा, आवाज आला तर कुठल्या कोपऱ्यातला पेला सैल आहे, सगळं. माणूस तयार झाला की म्हणायचं, चला, आता माझा फॉर्म. तोवर त्याचं अक्षर वाईट म्हणून त्याचाच फॉर्म मी भरून दिलेला असायचा! ('विशेष गुण' या रकान्यात असं काही लिहायची की वाचून मलाच त्याचा अभिमान वाटावा.) वर त्याच्या जागेवरचा माणूसही मीच तयार करायची. एक गेला गोदामात, एक गेली ऑफिसात. ज्याने पहिल्याच दिवशी अकरा पेले फोडले तो फोड्या आज आमच्या खात्याचा प्रमुख आहे. सात जण वर गेले, ताई, आणि मी त्याच टेबलाशी उभी. सगळं खातं मला 'लष्कराच्या भाकऱ्या' म्हणतं. तोंडावर नाही, पण मला ऐकू येतं.

या वेळी जागा निघाली ती नव्या लोकांना शिकवणाऱ्या प्रमुखाची. वेगळी खोली, पंखा आणि खुर्ची! वयाची अट पन्नास, आणि पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला मला पन्नास पुरी होतात. म्हणजे ही गेली की निवृत्तीपर्यंत उभ्यानेच. तरी सवयीने मी हाताखालच्या बडबडीचा फॉर्म भरायला घेतला. (तिचं नाव वेगळं आहे, पण दोन मिनिटं तिच्याजवळ उभी राहिलीस तर तूही हेच ठेवशील.) तिने कागद ओढून घेतला. म्हणाली, "बाई, आधी तुमचा. नाहीतर मी सगळं विसरले म्हणून साहेबांना सांगेन." मग काय, बसले भरायला. दुसऱ्यांचे भरताना हात कसा झरझर चालायचा, आणि स्वतःच्या 'विशेष गुणां'पुढे दोन दिवस अडून बसले. शेवटी लिहिलं, 'वेळेवर येते'.

इंटरव्ह्यूला गेले तर टेबलापलीकडे तिघं, आणि तिघंही माझेच. मी आत शिरताच तिघं उभे राहिले. मी बसा म्हटलं तेव्हा बसले. फोड्याने घसा साफ करून विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" मी म्हटलं, पंचावन्नात. फोड्याने ते लिहून घेतलं. टेबलावर नमुन्याचा एक भरलेला खोका होता. हाताला चैन पडेना म्हणून मी तो उचलून कानाशी हलवला आणि म्हटलं, वरच्या थरात डावीकडे कागद कमी पडलाय, कोणी भरला हा? फोड्याचे कान लाल झाले. मग मी खोका उघडला, त्याच्याकडून पहिल्यापासून भरून घेतला, ऑफिसवालीला कागद कापायला बसवलं, गोदामवाल्याची पाठ सरळ केली. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. बाहेर आल्यावर लक्षात आलं की स्वतःबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते. जिन्यात बसून रडले. हाताशी आलेलं घालवलं म्हणून रडले, आणि थोडी यासाठीही, की फोड्याने खोका फार सुरेख भरला होता.

असो. पत्र लांबलं. डोळ्याला जप, भावजींना नमस्कार, आणि मी खचलेय वगैरे काही समजू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. माझी निवड झाली. हे वर लिहायचं राहिलं.

ता. क. २. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं आहे. सोबत एक कागद आहे. शिकवणाऱ्याच्या जागेवर रुजू होताना लिहून द्यावं लागतं की हे काम तुम्ही कोणाकडून शिकलात, आणि त्या माणसाची सही लागते. मी तुझं नाव घातलं आहे. तेव्हा एका घरातून एकालाच नोकरी मिळायची. महिनाभर तू मला त्या टेबलाशी शेजारी उभी केलीस, सगळं शिकवलंस, आणि कंटाळा आला म्हणून सोडते असं सगळ्यांना सांगितलंस. मी एकवीस वर्षांची होते, माझा विश्वास बसला. तूही आपल्या जागेवर माणूस तयार केलास, ताई, पण वर कुठे गेली नाहीस, घरी गेलीस. सही करून नऊ तारखेच्या आत पाठव. आणि खरंच कंटाळा आला होता का, ते आता तरी सांग.