बाईंनी बुडवलेली होडी

पासो देल सौसे, मंगळवार रात्र

डेल्मिराताईला धाकट्या नीबियाचा नमस्कार आणि गालावर एक मुका. ताई, तुझा गुडघा काय म्हणतोय? भावोजी अजून डॉक्टरांची नजर चुकवून निखाऱ्यावरच्या बरगड्या खातात ना? खाऊ देत बिचारे. इकडे सगळं क्षेम आहे, फक्त मी गेल्या आठवड्यात नऊ वेळा बुडाले.

घाबरू नकोस, कॉम्प्युटरवर. वरून हुकूम आला, की मुलांना मिळून काम करायला शिकवा आणि त्यासाठी वर्गात ऑनलाइन खेळ घ्या. खेळ असा, की एका होडीत चौघं. एकाला नदीतले खडक दिसतात, दुसऱ्याकडे सुकाणू, तिसरा वल्हवतो, चौथा पाणी उपसतो. एकमेकांशी बोलल्याशिवाय होडी पार होत नाही. आता माझी अक्कल बघ (लहानपणी तू तिचे पुष्कळ वाभाडे काढले आहेस). मी एल्बियो आणि रामोनाला एकाच होडीत बसवलं! दोघं शेजारी, पण कुंपणावरून बापांचं वाजलं तेव्हापासून वर्षभर पोरांचाही अबोला. एल्बियोला खडक दिसायचा, तो सांगायचा नाही. सुकाणू रामोनाकडे, ती विचारायची नाही. तिसरा भिडू इतका सज्जन, की बुडतानाही वल्हवत राहायचा. चौथ्या मुलीला गालगुंड झालं, म्हणून पाणी उपसायला मी बसले.

आणि ताई, मी पाणी उपसायच्या ऐवजी आत ओतत होते (बटणं शेजारीशेजारी होती, माझा काय दोष?). नवव्यांदा बुडालो तशी रामोना ताडकन उठली. "बाई, तुम्ही कश्शालाही हात लावू नका!"

"हात मांडीवर ठेवा, बाई," एल्बियोने री ओढली. "रामोना, मी सांगतो तशी वळव. डावीकडे! अगं, तुझ्या डावीकडे!"

"मला एकच डावी आहे!" ती फणकारली. पण वळवली.

वर्षभरातलं त्यांचं हे पहिलं बोलणं, तेही माझ्या नावाने खडे फोडताना. होडी पलीकडे लागली तेव्हा मला उगीचच नाक पुसावं लागलं. नेमके तेव्हाच मुख्याध्यापक बिदेगाइन वर्गात आले आणि मला मांडीवर हात ठेवून बसलेली पाहून गहिवरले. म्हणाले, "शिक्षकाने मध्ये न पडणं, हीच खरी कला!"

तुझी (कलावंत) नीबिया

ता. क. आता दोघं रोज शाळा सुटल्यावर माझी शिकवणी घेतात. एक रागावतो, दुसरी समजावते, मग पाळी बदलतात. निघतात मात्र एकाच रस्त्याने, माझ्या मंदबुद्धीवर चर्चा करत.

आणखी ता. क. पत्राचं खरं कारण हे. एल्बियोची आई शनिवारी तुझ्या दुकानात चीज घालायला येते, आणि तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. रविवारी मी घरच्या तिघांना घेऊन सात वेळा होडी पार नेली, थेंबभर पाणी आत न येऊ देता. हे तिच्याजवळ चुकूनही बोलू नकोस. अजून निदान महिनाभर तरी मला बुडायचं आहे.