ताईला चार आठवतील

मनू,

शनिवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला दहा चित्रं दाखवून विचारलं, "यातली किती आठवतील?" मी ठासून म्हटलं, "सगळी." मग त्यांनी तुला विचारलं. तू मोबाईलमधून मान वर न काढता म्हणालीस, "ताईला चार आठवतील."

चारच आठवली. होडी, कोयता, छत्री, आंबा.

मी पोटात असताना आई माडी प्यायची, त्या दारूनं बाळाचं डोकं असं होतं म्हणे. आपण किती विसरतो हेही कळत नाही. तुझ्या वेळी तिनं माडी सोडली.

तुझ्या मुंबईच्या नोकरीचा मला हेवा वाटतो, लपवत नाही. सुट्टीत येऊन मी भरलेली आंब्याची पेटी तू न बोलता उपसून परत लावतेस, तेही सोसते. पण माझ्या डोक्यात काय राहील हे माझ्याआधी तुला ठाऊक? तेवढं तरी माझं मला ठेवायचंस गं.

हे पत्र उद्या पोस्टात टाकणार आहे. अगदी नक्की.

आणि आत्ताच तुझा आवाज कानात येतोय, "ताई विसरेल."

तुझी थोरली,
सुगंधा